टेनिस क्रिकेटच्या संघात बेसबॉलसारखा जर्सी नंबर रिटायर करायचा आहे, पद्धत काय?

ऐरोली_डगआऊट

नमस्कार मंडळी. संघ ऐरोलीतला, टेनिस बॉल ओव्हरआर्म खेळणारा, यादीत २२ जण. यंदा चषक आला आणि त्याच मोसमाअखेर ९ नंबरचा यष्टिरक्षक, आमचे दादा, थांबला. सलग १९ मोसम यष्टीमागची जागा त्याचीच होती. शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले. पण संघात पहाटे उठून मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतली बेसबॉल लीग, बघणारे चौघे-पाच जण आहेत. त्यांचं म्हणणं पडलं की जिंकलेल्या वर्षीच ९ नंबर रिटायर करावा, म्हणजे पुढे कोणालाच देऊ नये, न्यूयॉर्कचा यांकीज संघ करतो तसा. सगळे हो म्हणाले, पण नेमकं करायचं काय हे कोणालाच सांगता येईना.

मैदान महापालिकेचं, त्यामुळे आकडा रंगवायला भिंत नाही. सोळा वर्षांखालच्या संघात एका मुलाच्या पाठीवर सध्या ९ आहे, तो काढून घ्यायचा का? पुढच्या महिन्यात आपलीच एक दिवसाची निमंत्रित स्पर्धा आहे. कार्यक्रम फायनलच्या आधी ठेवावा की जिंकल्यावर? शिवाय दादांची शेवटच्या सामन्यातली जर्सी फ्रेम करायची आहे. मागे केलेल्या एका फ्रेममध्ये दोन पावसाळ्यांत काळे ठिपके पडले, ते या वेळी नकोत. सगळं पाच-सहा हजारांत बसवायचं आहे.

सातवी_इनिंग

भिंतीची काळजी सोडा. बेसबॉलमध्येही भिंतीवरचा आकडा ही नुसती पाटी असते. नंबर रिटायर होतो तो क्लबहाउसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या खोलीत, जर्सी वाटणाऱ्या माणसाच्या हातून. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा फर्नांडो व्हॅलेन्झुएला घ्या. १९९१ मध्ये तो संघातून गेला. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सन्मानितांच्या यादीत, असेल त्याचाच नंबर रिटायर करायचा अशी डॉजर्सची रीत, आणि तो हॉलमध्ये नव्हता. तरी सामान सांभाळणाऱ्यांनी ३४ नंबर कोणालाच दिला नाही. औपचारिक समारंभ झाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी. मधली बत्तीस वर्षं तो नंबर कोणत्याही भिंतीवर नव्हता आणि कोणाच्या पाठीवरही नव्हता.

उलट उदाहरण खुद्द बेब रूथचं. १९२९ मध्ये यांकीजनी पाठीवर नंबर घातले ते फलंदाजीच्या क्रमाने. रूथ तिसरा म्हणून ३, लू गेरिग चौथा म्हणून ४. रूथ संघातून गेल्यावर ३ नंबर दुसऱ्यांना वाटला गेला, आणि रिटायर झाला तो थेट १३ जून १९४८ ला. दोन महिन्यांनी रूथ वारला. तेव्हा तुम्ही त्याच वर्षी करताय ते उत्तमच, रेंगाळू नका.

सध्या नंबर घालणाऱ्याचं काय, याचा नमुना ४२ मध्ये आहे. आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन याच्या पदार्पणाला ५० वर्षं झाली त्या दिवशी, १५ एप्रिल १९९७ ला, ४२ नंबर सगळ्या मेजर लीगमधून रिटायर झाला. पण त्या वेळी जे ४२ घालत होते त्यांच्याकडून तो काढून घेतला नाही. नवीन कोणाला द्यायचा नाही, एवढंच ठरलं. शेवटचा उरला मारियानो रिव्हेरा, तो २०१३ मध्ये थांबला. म्हणजे नियम पूर्ण लागू व्हायला सोळा वर्षं गेली आणि त्याने कोणाचं काही बिघडलं नाही.

पुढे आणखी एखादा मोठा खेळाडू झाला तर? आकडे संपतात. एक ते नऊमधला एकही नंबर आज यांकीजच्या खेळाडूला मिळत नाही. शेवटचा २ होता, डेरेक जीटरचा, २०१७ मध्ये गेला. तुमच्याकडे २२ जण आणि ९९ आकडे आहेत, अडचण लगेच येणार नाही. पण दर चषकामागे एक नंबर रिटायर करायला लागलात तर त्याची किंमत शालीइतकीच उरेल.

आकडे एका ओळीत लावणार असाल तर एक गंमत सांगून ठेवतो. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये पहिले चार आकडे रिटायर झाले त्या क्रमाने लागले होते: ९, ४, १, ८. कोणीतरी तो अमेरिकी पद्धतीच्या, महिना आधी असलेल्या तारखेसारखा वाचला, ४ सप्टेंबर १९१८. बॉस्टनच्या रेड सॉक्सनी १९१८ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची मालिका, जिंकली आणि मग कित्येक दशकं एकही जिंकली नाही; ही तारीख ती मालिका सुरू होण्याची पूर्वसंध्या! पुढे आकडे चढत्या क्रमाने लावले. विजेतेपद २००४ मध्ये आलं. त्याचं श्रेय क्रमाला द्यायचं की गोलंदाजीला, ते ज्याचं त्याने ठरवावं.

स्कोअरबुक_ठाणे

वरचं सगळं बरोबर आहे, पण आपल्याकडे क्लबहाउस नाही आणि जर्सी वाटणारा पगारी माणूसही नाही. आपल्याकडे नंबर परत येतो तो चुकून, आणि कुठून येतो ते सांगतो.

एक, प्रिंटरची जुनी फाइल. सबलिमेशनच्या, म्हणजे रंग थेट कापडात उतरवून छापलेल्या, जर्सीची मागच्या वर्षीची फाइल त्याच्याकडे जपलेली असते. घाईत फोनवर 'मागच्यासारखंच करा, तीन नावं बदला' म्हटलं की ९ परत छापून येतो आणि तो बदललेल्या तिघांपैकी कोणाच्या तरी नावाखाली असतो. ऑर्डरच्या यादीतून ९ ची ओळ नुसती पुसू नका. ओळ ठेवा आणि तिथे लिहा, 'छापू नये'. ओळच गायब असेल तर पुढचा माणूस रिकामा नंबर दिसला म्हणून भरतो. छपाईपूर्वी प्रूफ मागवा आणि २२ च्या २२ पाठी मोजा.

दुसरं, पाहुणे खेळाडू. ऐनवेळी बोलावलेला पोरगा स्वतःचा टी-शर्ट घालून येतो आणि पाठीवर नेमका ९ असतो. नाव-नंबर नसलेल्या दोन जादा जर्सी, एक एल आणि एक एक्सएल, किटबॅगेत ठेवा. आणि काही स्पर्धांत टी-शर्ट आयोजकच देतात, १ ते १५ सरसकट. तिथे प्रवेश फी भरतानाच सांगायचं की आमच्या गठ्ठ्यात ९ ऐवजी १६ द्या. सामन्याच्या सकाळी सांगून उपयोग नाही.

स्कोअरिंगच्या अ‍ॅपमध्ये दादांचं प्रोफाइल काढून टाकू नका, जुन्या धावफलकांतलं नाव बिघडू शकतं. चालू यादीतून फक्त बाजूला करा.

हे पक्कं व्हायचं असेल तर ठराव करा. कार्यकारिणीच्या इतिवृत्तात सूचक, अनुमोदक आणि तारखेसह असं काही:

'वरिष्ठ संघाचा जर्सी क्रमांक ९ या तारखेपासून कोणत्याही खेळाडूस, पाहुण्या खेळाडूस किंवा सराव सामन्यातही देण्यात येणार नाही. कनिष्ठ संघात सध्या हा क्रमांक वापरणारा खेळाडू तो गट सोडेपर्यंत वापरू शकेल. बदल करायचा झाल्यास सर्वसाधारण सभेत दोन तृतीयांश मते लागतील.'

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नाहीतर तीन वर्षांनी नवी कार्यकारिणी येते, एखाद्याला ९ हवा असतो आणि 'तो ठराव कुठे आहे दाखवा' इथून वाद सुरू होतो.

कनिष्ठ संघाबद्दल आपल्या हॉकीचा दाखला आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ८ ऑगस्ट २०२४ ला स्पेनला २-१ हरवून कांस्यपदक घेतलं आणि गोलरक्षक श्रीजेश थांबला. हॉकी इंडियाने त्याचा १६ नंबर वरिष्ठ संघातून रिटायर केला आणि ज्युनिअर संघात मुद्दाम चालू ठेवला. पोराला ९ घालू द्या. वरिष्ठ संघात आला की दुसरा नंबर घेईल.

आणि न लिहिता गृहीत धरलं की काय होतं, तेही क्रिकेटमध्ये झालंय. सचिन थांबल्यावर भारतीय संघात १० नंबर कोणी घेत नव्हतं, पण तशी घोषणा नव्हती. २०१७ मध्ये आपल्या पालघरचा शार्दूल ठाकूर श्रीलंकेत पहिली वनडे खेळायला १० घालून उतरला आणि लोक त्याच्यावर तुटून पडले. पुढे त्याने ५४ घेतला. त्यात त्याचा काय दोष? नियम कागदावर नव्हता.

नाणेफेक

कार्यक्रम दुसऱ्या सेमीफायनलनंतर, फायनलच्या आधी. जिंकल्यावर ठेवू नका. हरलात तर दादांच्या हातात फ्रेम आणि मागे खाली मान घातलेले अकरा जण, असा फोटो येईल. जिंकलात तरी त्या वेळी निम्मे लोक पार्किंगमध्ये असतात, बक्षीस समारंभ लांबतो, उजेड जातो.

बेसबॉलवाल्यांनी हे फार आधीच ओळखलंय. ४ जुलै १९३९ ला यांकी स्टेडियममध्ये एकाच दिवशी दोन सामने होते आणि गेरिगचा सन्मान मधल्या वेळेत झाला. पहिला सामना ते २-३ हरले होते, दुसरा ११-१ ने जिंकले. रिव्हेराचा दिवस २२ सप्टेंबर २०१३, समारंभ सामन्याआधी, सामना १-२ हरले. तरीही दिवस रिव्हेराचाच राहिला.

गेरिगच्या त्या दिवसातली एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या सत्कारांनी शिकण्यासारखी आहे. त्याला भेटवस्तू मिळत गेल्या आणि आजारामुळे हातात जोर नसल्याने तो त्या जमिनीवर ठेवत गेला. आपण धडधाकट माणसालाही शाल, नारळ, पुष्पगुच्छ, सन्मानचिन्ह आणि वर फ्रेम असं एकदम देतो, आणि मग 'इकडे बघा' म्हणतो. बाजूला एक टेबल आणि वस्तू घ्यायला एक माणूस ठेवा.

सहा-सहा षटकांच्या सामन्यांत फायनलला उतरणाऱ्या संघाला वीस मिनिटं विश्रांती द्यावीच लागते. त्यातली बारा तुमची. दोन्ही संघ यष्ट्यांपासून सीमारेषेपर्यंत दोन रांगांत उभे, दादा मधून येणार, एकच माणूस तीन मिनिटं बोलणार आणि तेही स्कोअरबुकातून काढलेलं: किती सामने, किती झेल, किती यष्टिचीत. मग ठरावाचं वाचन, फ्रेम, आणि पहिला चेंडू. मान्यवरांचे सत्कार यात घुसू देऊ नका. एकदा एका नगरसेवकाला नारळ दिला की बाकीच्यांनाही द्यावा लागतो आणि फायनल अंधारात होते.

पहिल्या चेंडूबद्दल. बेसबॉलमध्ये पाहुणा चेंडू फेकतो, पण तुमचा माणूस यष्टिरक्षक आहे, त्याला फेकायला लावू नका, झेलायला लावा. १८ जुलै १९९९, योगी बेरा डे. बेरा यांकीजचा कॅचर, म्हणजे बेसबॉलमधला यष्टिरक्षक. मालकाशी बिनसल्यामुळे चौदा वर्षं स्टेडियमपासून लांब राहिलेला. त्या दिवशी पहिला चेंडू टाकला डॉन लार्सनने आणि घेतला बेराने. १९५६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये याच जोडीने परफेक्ट गेम केला होता, म्हणजे समोरचा एकही फलंदाज बेसवर पोचू दिला नव्हता. मग खरा सामना सुरू झाला आणि यांकीजच्या डेव्हिड कोनने मॉन्ट्रियल संघाचे सलग २७ फलंदाज बाद केले, ८८ चेंडूंत, एकही बेसवर पोचू न देता. ६-० ने जिंकले. असा योग ठरवून येत नाही, पण कॅचरला कॅचरच्या जागी उभं करणं ठरवता येतं.

दादांचं वय बघता पूर्ण बसायला लावू नका, गुडघे लगेच बोलतात. अर्धवट वाकून, यष्टीमागे चार-पाच पावलं. चेंडू टाकायला तो ९ नंबरचा पोरगा. फुलटॉस, छातीच्या उंचीवर, फलंदाज नाही. त्याआधी कडेला दहा-पंधरा हलके चेंडू झेलून हात गरम करून घ्या. हेवी टेनिस बॉल थंड बोटाच्या टोकावर बसला तर दादा फोटोत बोट धरून दिसतील.

खाडीवारा

नाणेफेक यांच्याशी असहमत. २ नोव्हेंबर २०२५, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि मग मैदानातच चषक झूलन गोस्वामी आणि मिताली राजच्या हातात दिला. दोघी २०२२ मध्येच थांबलेल्या. सामन्याआधी दिलेल्या फ्रेमला त्याची सर येईल का?

नाणेफेक

नाही येणार. पण ते आधी जाहीर केलेलं नव्हतं म्हणूनच साधलं. दोन्ही करा: नंबरचा कार्यक्रम फायनलआधी, आणि जिंकलात तर चषक पहिला दादांच्या हातात. दुसरी गोष्ट कार्यक्रमपत्रिकेत छापू नका.

सुईदोरा

फ्रेमचं मी सांगते. काळे ठिपके म्हणजे बुरशी, आणि तिला तीन गोष्टी लागतात: कापडातला घाम, मागचा ओलावा धरणारा पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड, आणि काचेला चिकटलेलं कापड. ऐरोलीच्या हवेत जून ते सप्टेंबर तिन्ही एकत्र आले की झालं.

जर्सी आधी गार पाण्यात अर्धा तास भिजवा, सौम्य लिक्विडने हाताने धुवा, तीन वेळा खळबळा. ब्लीच आणि फॅब्रिक कंडिशनर नको. कंडिशनरचा थर कापडावर राहतो आणि पुढे पिवळेपणा येतो. शेवटच्या सामन्याची माती राहू द्यायची असेल तर तेवढा भाग चोळू नका, पण धुवा जरूर. मातीचा डाग टिकतो, घाम निघतो. सावलीत दोन दिवस वाळवा. पाऊस चालू असेल तर पंख्याखाली तीन दिवस.

सही घ्यायची असेल तर कापडावर चालणारा मार्कर वापरा. साधा परमनंट मार्कर पॉलिस्टरवर पसरतो. आत पुठ्ठा घालून कापड ताणा, आधी आतल्या शिवणीवर एक रेघ ओढून बघा, मग सही, आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका.

फ्रेमवाल्याला 'बॉक्स फ्रेम, आत दोन इंच खोली' असं सांगा. एल मापाची जर्सी बाह्या मागे दुमडून साधारण २४ बाय ३० इंचांत बसते. पुढे काचेऐवजी ३ मिमी अ‍ॅक्रिलिक, उन्हापासून रंग वाचवणारं मिळालं तर तेच. कापड आणि अ‍ॅक्रिलिक यांच्यात बोटभर अंतर राहिलंच पाहिजे. मागे आम्लरहित माउंट बोर्ड. गोंद, फेविकॉल, दुहेरी टेप, स्टेपलर यातलं काहीही कापडाला लागता कामा नये. टेपचा गोंद वर्षभरात कापडातून पुढे येतो आणि पिना गंजतात. दुकानात 'मॅडम, टेपनेच बसतं' म्हणतील. हो म्हणू नका, बोर्ड घरी आणून स्वतः शिवा.

बोर्डाच्या मागे खालच्या बाजूला सिलिका जेलच्या दहा-दहा ग्रॅमच्या दोन पुड्या. मागची बाजू कागदी टेपने बंद करा, दर मे महिन्यात उघडून पुड्या बदला. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं लावा म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळेल. बाहेरच्या, पाऊस झेलणाऱ्या भिंतीवर टांगू नका. मागच्या फ्रेमचं बहुधा तेच झालं असणार.

मैदानासाठी फ्लेक्स करू नका. ४ बाय ३ फुटांचं कापडी निशाण, चारही कडा दुमडून शिवलेल्या, वर दर फुटाला एक रिंग, दोन बांबू. सामन्याच्या दिवशी लावायचं, संध्याकाळी गुंडाळून न्यायचं. दुपारनंतर खाडीकडून वारा सुटतो, बांबू नुसते रोवले तर निशाण तिरकं होतं. प्रत्येकाला मागून एक दोरी ताणून खुंटीला बांधा. महापालिकेच्या खांबाला, कुंपणाला किंवा झाडाला काही बांधू नका. विनापरवाना लावलेल्या फलकांवर १९९५ च्या विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली कारवाई होते. स्पर्धेसाठी मैदानाची परवानगी विभाग कार्यालयातून घेणारच आहात, त्याच अर्जात निशाणाचा उल्लेख करा.

ऐरोली_डगआऊट

मंडळी, भरभरून मिळालं. ठराव रविवारच्या बैठकीत मांडतोय, 'सराव सामन्यातही' हे शब्द तसेच ठेवून. पोरालाही कळवलंय की चेंडू तो टाकणार.

सुईदोरा, एक अडचण. दादांची जर्सी सबलिमेशनची नाही. जुनी आहे, ९ आकडा वरून दाबून चिकटवलेला, रबरासारखा. त्याचा वरचा उजवा कोपरा साधारण अर्धा इंच सुटलाय आणि पोटात बारीक तडे आहेत. परत इस्त्रीने बसवून घ्यावा का? आणि पाठ दर्शनी ठेवायची की छाती?

सुईदोरा

इस्त्री नको. जुना चिकट थर वाळलेला असतो, उष्णतेने तो धड धरत नाही. वर पॉलिस्टरवर इस्त्रीच्या आकाराची चकाकी येते, ती जात नाही. धुतानाही जर्सी उलटी करून धुवा, पिळू नका, आकड्याच्या रेषेत घडी घालू नका. तडे राहू द्या, एकोणीस मोसमांचा आकडा आहे.

सुटलेल्या कोपऱ्यासाठी बारा नंबरची बारीक सुई, आकड्याच्या रंगाचा पॉलिस्टर दोरा. कोपऱ्याच्या अगदी कडेला दोन छोटे टाके, कापडातून वर आणि लगेच कडेवरून खाली. आकड्याच्या मधून सुई काढू नका, पडलेलं भोक त्या रबरात भरून येत नाही आणि तडा तिथूनच पुढे जातो.

पाठ दर्शनी. नंबर रिटायर करताय, तो दिसला पाहिजे. बोर्डावर जर्सी धरायला कॉलरला तीन टाके, दोन्ही खांद्यांना दोन-दोन, काखेखाली एकेक, खालच्या दुमडीला चार. इथे दोरा जर्सीच्या रंगाचा. शिवताना फार ताणू नका, बोर्ड उभा करून बघा. ९ च्या गोलाखाली चुणी पडत असेल तर खांद्याचे टाके उसवून अर्धा इंच वर घ्या.

स्कोअरबुक_ठाणे

फ्रेमच्या मागे, टेप लावण्याआधी, ठरावाची एक प्रत घडी करून ठेवा. आणि प्रिंटरला या वर्षीची ऑर्डर अजून गेली नसेल तर आजच 'छापू नये'वाली यादी पाठवा. जुनी फाइल त्याच्याकडे आहे.